कळलावी लावताना

श्रावणात सह्याद्रीच्या उतारावर, करवंदीच्या जाळीतून कळलावी डोकं वर काढते, तेव्हा नजर हटत नाही. कळी हिरवट, उमलताना पिवळी, मग टोकाकडून लाली उतरत अखेर सगळं फूल लालभडक. तिच्या पानांची टोकंच तणावे होतात. शेजारचं झुडूप मिळालं की वेल आपली आपण चढते.

रोपवाटिकेत मी तिचे कंद पावसाच्या तोंडावर लावतो. दोन फाट्यांचा कंद आडवा ठेवायचा. डोळा फाट्याच्या टोकाशी असतो. तो दुखावला, तर त्या बाजूनं कोंब फुटत नाही. पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून मातीत वाळू हवीच. दिवाळीनंतर वेल वाळते आणि कंद जमिनीत झोपतो. खरी काळजी तेव्हा घ्यायची, कारण वर खूण उरत नाही. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. वाफ्यावर पाटी हवी, हातात मोजे हवेत आणि कंदांचा डबा स्वयंपाकघरापासून लांब, कुलपात हवा.

कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे ते जुळू देत नाही. कंद पोटात गेला की सतत दुभंगणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर, पहिला घाव बसतो. आधी उलट्या-जुलाब होतात आणि वाचलेल्या माणसाचे केसही पुढे गळतात. यावर हमखास उतारा नाही. पण त्याच धाग्यांना अडवून हेच द्रव्य पांढऱ्या पेशींची धावपळ रोखतं आणि गाउटनं ठणकणारा सांधा शांत होतो. त्याची गोळी असते जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची. 1937 साली ब्लेक्सली आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी धागे अडवण्याच्या याच गुणानं झाडांतली गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. पैदासकारांच्या हाती नवं साधन आलं.

आयुर्वेदानं लांगलीला, म्हणजे कळलावीला, उपविषांत बसवलं आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरायची नाही, असा दंडक घातला. शोधन आणि मात्रा ही जाणत्या वैद्याची कामं. घरी कंद उगाळून लेप किंवा काढा करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

कळलावी हे तमिळनाडूचं राज्यपुष्प. तिथले शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. परागीकरण मजूर हातानं करतात. औषधाची मागणी शेतातून भागली, तर रानातले कंद खणून काढावे लागणार नाहीत. आपल्या घाटांतही मला हेच हवं आहे.

घरात लहान मूल किंवा गुरंढोरं असतील, तर मी रोप देत नाही. इतरांना देतो, पण कंद दाखवून, धोका समजावून आणि चिठ्ठी लावूनच. विषारी म्हणून कळलावी उपटून टाकली, तर तिच्याबद्दलचं शहाणपणही हळूहळू विसरलं जाईल. ते शहाणपण रोपाबरोबर पुढच्या हातात देणं हेच माझं काम आहे, असं मी मानतो.