दीडशे यार्डांच्या अलीकडे

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार उजाडतो तो नारिंगी रंगात. पानं झडून करडे पडलेले ओकचे उतार, मधूनच हेमलॉकचा काळपट हिरवा, आणि त्यातून सरकणारे झगझगीत ठिपके. हरणाच्या शिकारीच्या रायफल-हंगामात अंगावर हा रंग हवाच, असा कायदा आहे. 2018 पर्यंत हा हंगाम सोमवारी लागायचा आणि कित्येक शाळा त्या दिवशी चक्क बंद असायच्या. राज्यात दरसाल आठ लाखांहून जास्त शिकार-परवाने विकले जातात, आणि त्यातले बरेच जण याच दिवसांची वाट बघत असतात. धनुष्यबाण घेऊन हरणामागे जाणाऱ्याला ही गर्दी नकोशी वाटते, यात नवल नाही. रायफलीचा पल्ला दोनशे यार्ड सहज. बाणासाठी सावज वीस-पंचवीस यार्डांत यावं लागतं, तेही बेसावध. पहाटेचे पहिले बार झाले की असं बेसावध हरीण दिवसाउजेडी दिसणं मुश्किल. म्हणून तो नकाशा उघडून बंदूकवाल्यांपासून दूरची सरकारी जमीन शोधू लागतो. जमिनीला तोटा नाही. शिकारीसाठी राखलेली ‘गेम लँड्स’ पंधरा लाख एकरांच्या आसपास, राज्याची जंगलं आणखी बावीस लाख एकर. पण हे दूरपण तो मैलांत मोजतो, आणि माझ्या मते तिथंच गल्लत होते.

मैलांचा हिशेब अगदीच खोटा आहे असं नाही. राज्याच्या उत्तर-मध्य भागातल्या स्प्राउल जंगलावरून संशोधकांनी हंगामात विमानातून शिकाऱ्यांची मोजदाद केली होती. रस्ता मागे पडत जाईल तशी माणसं झपाट्याने कमी होतात आणि चढ वाढला की आणखी विरळ होतात, असं त्यातून दिसलं. गेम लँडच्या बंद फाटकापलीकडे मोटार जात नाही, तेव्हा फाटकापासून तासभर चाललं की बहुतेक बंदुका मागे राहतात. मात्र मारलेलं हरीण पोट साफ केल्यावरही चाळीस-पन्नास किलो भरतं, आणि ते त्याच वाटेने ओढत आणायचं असतं. शिवाय नकाशावरची सगळ्यात आतली खिंड एकट्याच्याच नजरेला पडते असं थोडंच आहे? हल्ली ती प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसते. तीन बाजूंनी तीन जण पहाटे चारला निघून एकाच खिंडीत आपापलं मचाण बांधायला येतात, तेव्हा पाच मैलांची पायपीट केवळ व्यायाम ठरते.

हरणाला तर मैलांशी काहीच देणंघेणं नाही. माणूस जिथे येत नाही तिथे ते बसतं, आणि अशी जागा पुष्कळदा वस्तीला लागून असते. इथे कायद्याची एक बारीकशी तरतूद कामाला येते. राहत्या घराभोवती दीडशे यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीवाचून, बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यासाठी हीच मर्यादा पन्नास यार्डांची आहे. सरकारी जमिनीची कड जिथे घरांच्या परसाला भिडते तिथे यामुळे शंभर यार्ड रुंदीचा एक पट्टा उरतो, ज्यात बाण चालतो आणि बंदूक चालत नाही. रानाच्या वर्णनात कुणी या पट्ट्याला जागा देणार नाही. काटेरी झुडपांची जाळी, जुनं टायर, पडक्या दगडी बांधावर उगवलेला मेपल. पलीकडे कुत्रं भुंकतं, शाळेची बस थांबून पुढे जाते, कुणीतरी वाळलेली पानं गोळा करायचं यंत्र लावतं. आणि जाळीच्या आतल्या अंगाला हाताएवढी रुंद पायवाट, तिच्यावर ताज्या खुरांचे ठसे, शेजारच्या कोवळ्या झाडाची साल नराने शिंगं घासून सोललेली. या आवाजांना हरीण सरावलेलं असतं. ते बिचकतं ते जाळीत नव्याने आलेल्या वासाला. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर जाते, संध्याकाळी थंडावून खाली उतरते. मचाण कुठल्या झाडावर बांधायचं ते त्यावर ठरतं, रस्ता किती लांब आहे यावर नाही.

जागेइतकंच काळाचंही आहे. धनुष्याचा हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागतो, आणि नर माद्यांच्या मागे बेभान होतात तो नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा रायफली येण्याआधीच उलटून जातो. तेव्हाही रान पूर्ण निःशस्त्र नसतं. खारीमागे शॉटगनवाले फिरतात, ठासणीच्या बंदुकीलाही ऑक्टोबरात काही दिवस मिळतात. तरी आडवारी पावसाची भुरभुर थांबल्यावर रस्त्याकडेच्या जंगलातही माणूस सापडत नाही.

मग बाणवाल्यांसाठी वेगळी जमीनच का राखून ठेवू नये, असं कुणी विचारेल. सगळ्यांनाच तासभर चढ चढणं जमत नाही, साठी उलटलेल्यांना तर नाहीच, हा त्यातला खरा मुद्दा. शहरांना चिकटलेल्या दाट वस्तीत सुरक्षिततेसाठी असं करणं ठीकच आहे. पण निवांतपणाच्या नावाखाली लाखो एकरांची वाटणी मागणाऱ्याने या जमिनी कुणाच्या पैशाने आल्या ते पाहावं. विसावं शतक उजाडलं तेव्हा या राज्यात हरीण जवळजवळ संपलं होतं. 1906 पासून ते बाहेरून आणून सोडावं लागलं. पहिली गेम लँड 1920 मध्ये एल्क काउंटीत घेतली गेली, तीही शिकाऱ्यांच्या परवान्याच्या पैशातून. 1937 च्या केंद्रीय कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी वळवला. धनुष्यबाणांवर तसा कर बसायला सत्तरचं दशक उजाडलं. म्हणजे ज्या नारिंगी गर्दीपासून पळायचं, तिनेच बऱ्याच अंशी गेम लँड्सचं हे रान विकत घेतलंय आणि राखलंय. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि त्याआधीचं राखीव रान म्हणजे दाजीपूरसारखं, कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचं. सामान्य माणसाने परवाना काढून शिरावं असं रान मराठी वाचकाला म्हणूनच अनोळखी वाटतं. जवळचं उदाहरण द्यायचं तर गावच्या गायरानाचं. गायरानात शेळीवाल्याने गाईवाल्यांना हाकलायचं म्हटलं, तर काही वर्षांत गायरानच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. गोळीने हरीण बहुधा लवकर पडतं, बाणाने ते धावतं. तेव्हा ही एकांताची हौस म्हणजे जनावराच्या वेदनेवर चढवलेला साज नव्हे का? जखमी होऊन निसटणारी हरणं असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नेमकं याचसाठी बाणवाल्याला एकांत हवा. फुप्फुसात लागलेला बाण काही सेकंदांत काम करतो; तो थोडा मागे सरकला, तर हरीण शे-दीडशे यार्डांवर जाऊन आडोशाला बसतं, आणि शिकाऱ्याने कित्येक तास त्याच्या मागावर जायचं नसतं. त्या वेळात शेजारच्या घळीत दहा-बारा जणांनी हाका घातला, तर ते उठतं, मैलभर पळतं, रक्ताचा माग तुटतो. गर्दी टाळायचं हे कारण मला पटतं. रान आपल्या एकट्याचं असावं, या हट्टाला माझ्या लेखी काही किंमत नाही.

जखमी हरणापर्यंत पोचता यावं, हीच कसोटी घरांलगतच्या त्या पट्ट्यालाही लागते, आणि तिथे तो प्रत्येक वेळी उतरेलच असं नाही. बाण लागलेलं हरीण परसात जाऊन पडलं, तर परवानगी मिळाल्याशिवाय त्यामागे जाता येत नाही. शिकारीशी काहीच संबंध नसलेल्या घरात ती मिळेलच याची खात्री नसते. तेव्हा मचाणाचं झाड ठरवण्याआधी, सप्टेंबरातच, त्या घराचं दार वाजवून विचारून ठेवलेलं बरं. नकार आला, तर तो पट्टा सोडून द्यावा आणि फाटकापलीकडची चढण धरावी.