नकाराची अक्षरे

भाषेत काही अक्षरे अशी असतात, की ती स्वतःच्या बळावर फारसा अर्थ सांगत नाहीत. परंतु दुसऱ्या शब्दाच्या दारात येऊन उभी राहिली, की त्या घराचे सारे रूप पालटून टाकतात. 'ज्ञान' या शब्दाआधी एवढासा 'अ' आला, की उजेडाचा अंधार होतो. 'हजर' या शब्दाला 'गैर' चिकटले, की हजेरीपटावरील खूण बदलते. व्याकरण त्यांना उपसर्ग म्हणते. मला मात्र ती निवाडा देणारी अक्षरे वाटतात.

माझे बालपण अंबड तालुक्यातील एका लहानशा खेड्यात गेले. हा तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा तो त्यात आला. हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानची राजभाषा उर्दू होती. संस्थान गेले, पण कचेरीतील शब्द मागे राहिले. त्यामुळे देवळात कीर्तनाला बसलो, की 'अनंत', 'निराकार', 'अविनाशी' हे संस्कृतातील नकार कानी पडत. आणि चावडीवर गेलो, की 'नामंजूर', 'बेकायदा', 'गैरहजर', 'लाचार' हे फारसी-अरबीतून आलेले नकार ऐकू येत. 'लाचार' म्हणजे ज्याला 'चारा', म्हणजे उपाय, उरला नाही असा. मौज अशी, की आमच्या माणसांनी या परक्या अक्षरांशी घरोबा केला. 'बे' फारसीचा आणि 'ताल' संस्कृताचा, त्यांचा 'बेताल' झाला. 'गैर' अरबीचा आणि 'समज' आपली, त्यांचा 'गैरसमज' झाला. 'ना' फारसीचा आणि 'पीक' आपल्या शेतातले, त्यांचे 'नापीक' झाले.

पुढे शाळेत इंग्रजी आली आणि तिच्याबरोबर तिचेही नकार आले. 'नोन' म्हणजे ज्ञात, 'अननोन' म्हणजे अज्ञात. 'पॉसिबल' म्हणजे शक्य, 'इम्पॉसिबल' म्हणजे अशक्य. हा इंग्रजीचा 'अन', लॅटिनमधून आलेला 'इन' किंवा 'इम', ग्रीकमधील 'अ', फारसीतील 'ना' आणि आपल्या संस्कृतातील 'अ' ही सारी एकाच प्राचीन मुळाची पालवी आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. संस्कृतात व्यंजनापूर्वी 'अ' येतो आणि स्वरापूर्वी 'अन्' येतो. म्हणून 'अज्ञान', पण 'अनंत'. ग्रीक भाषेतही तोच नियम आहे. ग्रीकमध्ये 'आर्खी' म्हणजे सत्ता. ती नसली, की 'अनार्की'. आपण त्याच स्थितीला 'अराजक' म्हणतो. आपले 'अमृत' आणि ग्रीक देवांचे 'अँब्रोशिया' यांचेही असेच नाते आहे. दोन्ही शब्दांत मृत्यूला नकार आहे.

नकार म्हणजे केवळ उणेपणा असे मात्र समजू नये. नकाराच्या पुढे काय उभे आहे, त्यावर त्याची किंमत ठरते. 'अभय', 'निरोगी', 'अहिंसा' हे शब्द पाहा. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या दासबोधात निस्पृह पुरुषाची लक्षणे सांगणारा एक समास आहे. स्पृहा नसणे ही तेथे उणीव नव्हे, संपत्ती आहे. आमच्या घरी तर एका नकाराची वर्षभर वाट पाहिली जाई. सोसायटीचे कर्ज फिटले, की वडील बेबाकीचा दाखला आणीत. 'बे' म्हणजे वाचून आणि 'बाकी' म्हणजे येणे. कोणाचे काही देणे उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो कागद ते देवघरातील पोथीत जपून ठेवीत. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी हा दाखला येत नसे आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

या अक्षरांची खरी परीक्षा निराळ्याच ठिकाणी असते. ती निवाडा देतात. पण तो निवाडा खरा असतोच असे नाही. 'ॲटम' या शब्दाचा मूळ अर्थ 'अच्छेद्य' असा आहे. ज्याचे आणखी तुकडे होऊ शकत नाहीत, त्या कणाला ग्रीक विचारवंतांनी हे नाव दिले. सन १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला आणि अणूच्याही पोटात आणखी लहान कण आहेत हे कळले. सन १९३८ मध्ये तर युरेनियमच्या अणूचे केंद्रच दुभंगते, असे दिसून आले. शब्द तोच राहिला, त्यातला नकार मात्र खोटा ठरला.

अणूला त्याचे काही दुःख नव्हते. माणसाला मात्र अशा अक्षराने जन्मभर जाळले आहे. 'स्पृश्य' या शब्दाआधी एक 'अ' लावून आपल्या समाजाने आपल्याच कोट्यवधी माणसांना पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले. तो 'अ' निसर्गाने लावला नव्हता, माणसांनी लावला होता. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अंमलात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. त्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याने तो 'अ' पुसला. मनांतून तो पुसण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला करावे लागते.

जमिनीचेही असेच आहे. आमचा जिल्हा अवर्षणाचा. येथील कितीतरी माळांना लोक 'नापीक' म्हणून मोकळे होत. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने हा निवाडा मुकाट्याने मान्य केला नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने १९९६ च्या सुमारास तेथे पाणलोटाचे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी चर खणले, बांध घातले, शेततळी केली आणि पावसाचे पाणी शिवारातच अडवले. आज त्या शिवारात द्राक्षाचे मळे उभे आहेत.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, 'अशक्य', 'अयोग्य', 'नालायक', 'निरुपयोगी' असे शब्द कोणी तुमच्यासमोर उच्चारले, किंवा तुमच्याच ओठांवर ते आले, तर क्षणभर थांबा. त्यातील पहिले अक्षर बाजूला काढून ठेवा, मागे उरलेल्या शब्दाकडे नीट पाहा, आणि ते अक्षर तेथे कोणी लावले, हे विचारा.