तापल्या नळकांड्याचा काळा रंग

बीड गांवांत फटफटी नाहीं असें घर शोधूं गेल्यास आतां पुष्कळ पायपीट करावी लागेल. अहिल्यानगराकडून आगगाडी बीडला येऊन पोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत या गांवाचा सारा व्यवहार सडकेवरच चालला, आणि घरधन्यापासून महाविद्यालयांत जाणाऱ्या कन्येपर्यंत सर्वांची मदार दुचाकीवर राहिली. तेव्हां या वाहनाच्या ज्या अवयवास आमचे मिस्त्री 'सायलेन्सर' म्हणतात, त्या धूर वाहून नेणाऱ्या नळकांड्याविषयीं कौटुंबिक मासिकांत चार शब्द लिहिणें अस्थानीं होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

निमित्तही घरचेंच आहे. आमच्या पुतण्याच्या जुन्या गाडीचें नळकांडें कुजून गळूं लागलें. मूळ कारखान्याचें महाग पडतें म्हणून त्यानें बाजारांतून दुसरें, कोऱ्या लोखंडाचें आणलें. आणि त्यास काळा रंग कोणता द्यावा हा प्रश्न जेवणाच्या पंगतींत निघाला. प्रश्न क्षुल्लक, पण मतें मात्र पानांइतकीं पडलीं.

रंगापूर्वीं एका गोष्टीचा निकाल लावणें अवश्य होतें. बाहेरून आणलेल्या कित्येक नळकांड्यांतून आवाज गिळणारी आंतली जाळी काढलेली असते. त्यांतून निघणारा गडगडाट तरुणांस पौरुषाचा वाटतो, आणि त्याच गल्लींत दम्यानें बेजार झालेला म्हातारा रात्रभर कूस बदलीत असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत असा फेरफार करूं देत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेल्या १८२-अ कलमानें मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरफारास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. राज्यांतील अनेक शहरांत पोलिसांनीं असलीं जप्त नळकांडीं रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरविला आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांत तर धूर शुद्ध करणारा उत्प्रेरकही सामान्यतः याच मार्गांत बसविलेला असतो. तो काढून टाकणें म्हणजे आपल्याच लेंकरांच्या नाकाशीं विष सोडणें होय. पुतण्याची गाडी त्याआधींची आहे, तथापि आणलेलें नळकांडें मूळ नमुन्याबरहुकूम आहे, जाळी जागेवर आहे व आवाज वाढलेला नाहीं, एवढी खात्री करून घेतल्यावांचून आम्हीं रंगाची गोष्ट पुढें जाऊं दिली नाहीं. त्यावर तो दोन दिवस घुश्शांत होता.

आतां रंग. ती. अण्णांचें मत असें पडलें कीं, दारांखिडक्यांस लावून उरलेला ऑइलपेंट माळ्यावर आहे, तोच लावावा. काटकसरीचा हा विचार आम्हांस एरवीं मान्य झाला असता. परंतु मांजरसुंब्याचा घाट चढून आलें कीं इंजिनाजवळचा वांकडा भाग, ज्यास मिस्त्री 'बेंड पाईप' म्हणतात, तो तीनशें अंशांच्याही वर सहज तापलेला असतो. आणि साध्या तेली रंगाचा बंध दोनशेंच्या आसपासच तुटूं लागतो. प्रथम दुर्गंधि, मग फोड, मग पापुद्रे, असा त्याचा क्रम. उष्णता सोसणारा म्हणून जो रंग मिळतो त्यांत सिलिकोन नांवाची राळ असते. तिचा कणा कार्बनचा नसून वाळूंत असतात त्याच सिलिकॉनचा व प्राणवायूचा असतो. तिच्यांतील जळणारा अंश जळून गेला तरी उरलेला भाग लोखंडास घट्ट धरून राहतो. मौज अशी कीं, यांतील काळेपणाही काजळीचा असून चालत नाहीं. काजळी म्हणजे कार्बन. पुरेशी उष्णता मिळाली कीं तोच जळून उडून जातो. म्हणून तेथें लोखंड, मँगनीज, तांबें यांसारख्या धातूंच्या काळ्या भस्मांची योजना करतात.

पावडर कोटिंगचाही एक पक्ष होता. फाटकें व जाळ्या यांस तें उत्तम; परंतु त्याची नेहमींची पूड भट्टींत १८० ते २०० अंशांवरच वितळून बसते, तेव्हां बेंड पाईपावर तिची काय कथा! सिरॅमिकचा लेप सर्वांत टिकाऊ खरा, पण तो आमच्या ऐपतीच्या पुढें गेला.

सौ. वहिनींनीं मात्र आम्हां सर्वांस निरुत्तर केलें. त्या म्हणाल्या, "माझा तवा वीस वर्षें काळा आहे, त्यास कोणता रंग दिला होता?" गोष्ट खरी आहे. करडईचें तेल हवेंत सुकून कठीण होणाऱ्या तेलांच्या जातीचें. पातळ हातानें लोखंडावर चोळून तापविलें कीं त्याचा गुळगुळीत काळा थर बनतो. करडई हें आमच्या मराठवाड्याचें जुनें रब्बी पीक. परभणीच्या कृषि विद्यापीठानें तिचें 'परभणी कुसुम' नांवाचें वाणही काढलें आहे. पण तोच तवा मोठ्या आंचेवर विसरला तर थर जळून लोखंड पांढरट पडतें, हेंही वहिनींनींच मान्य केलें. शेंपटाकडील थंड भागास हा उपाय कदाचित् चालेल; इंजिनाजवळ नाहीं.

अखेर सिलिकोनचा मंद काळा रंग ठरला. त्याचें यश डब्यावरील ६०० अंशांच्या आंकड्यापेक्षां पूर्वतयारीवर अधिक अवलंबून आहे. गंज पॉलिश पेपरानें खरवडून काढावा, थिनरनें पुसावें, मग उघड्या हाताचें बोटही लावूं नये. आणि एकच जाड हात न देतां दोनतीन पातळ हात द्यावे. असा रंग वाळला तरी कच्चाच असतो, पेट्रोल सांडल्यास पुसला जातो. तो पक्का होण्यास उष्णता लागते. गाडी दहा मिनिटें जागेवर चालू ठेवून पुरती निवूं द्यावी, पुन्हा थोडी अधिक, असें तीनचार वेळां उघड्या अंगणांत करावें, कारण त्या वेळीं घाण वाफ निघते. पुतण्यानें याकरितां केक भाजावयाची भट्टी मागितली होती. ती त्यास मिळाली नाहीं हें सांगणें नकोच.

एवढें करूनही नळकांडें आंतून कुजतें तें कुजतेंच. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें लिटरभर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. सुभाष रोडवरून बार्शी नाक्यापर्यंतच्या फेऱ्यांत नळकांडें पुरतें तापत नाहीं, आणि तें पाणी आंतच थिजतें. आठवड्यांतून एकदां लांबची फेरी मारणें हाच त्यावर इलाज.

चकचकीत क्रोमपेक्षां काळा पृष्ठभाग उष्णता अधिक वेगानें बाहेर टाकतो. पण भाजण्याच्या बाबतींत दोन्ही सारखींच. आमच्या घरांतील दोन मुलींच्या पोटऱ्यांवर गाडीवरून उतरतांना पडलेले डाग आहेत. त्यामुळें लोखंडी पडदी बसविल्यावांचून गाडी दाराबाहेर काढूं द्यावयाची नाहीं, या एका मुद्द्यावर सर्व बायका एक झाल्या. भाजल्यास टूथपेस्ट, हळद, शाई कांहींही लावूं नये. वीस मिनिटें पाण्याची धार धरावी. वैशाखांत आमच्या गच्चीवरील टांकीचें पाणीच कढत असतें, म्हणून त्या वेळीं रांजणांतलें घ्यावें. बर्फ लावूं नये.

रंग देऊन आतां तीन महिने झाले. बेंडाच्या सांध्याशीं बोटभर जागा राखाडी झाली आहे, बाकी ठीक आहे. पूर्वीं खंडेनवमीस वाहिलेली झेंडूची माळ तापल्या नळकांड्यास चिकटून जळली होती, व तिचा डाग शेवटपर्यंत गेला नाहीं. यंदां माळ हँडललाच बांधावयाची असें ठरलें आहे.