भिंतीवरची गोधडी

दोन वर्षांपूर्वी आम्ही बीडमध्ये लहानसे घर बांधले. पुढच्या खोलीत एका भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा लावल्या. समोरची भिंत मात्र मोकळीच राहिली. पत्नी म्हणाली, "एखादा जुना गालिचा नाहीतर हिमरूचे कापड लावू या." म्हणून आम्ही छत्रपती संभाजीनगरला जाऊन चौकशी केली. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेले वेलबुट्टीचे कापड. ते हातमागावर विणणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. जुन्या पैठणीचा पदर चौकटीत बसवून लावणारेही पुष्कळ आहेत. किमती ऐकल्या, कारकुनाच्या पगाराचा हिशेब मनात मांडला आणि रिकाम्या हातांनी परत आलो.

पुढे एका परिचिताकडे चहाला गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर चक्क गोधडी होती! पुण्याच्या प्रदर्शनातून काही हजारांना आणलेली. मी मनात म्हटले, अशा तर आमच्या मायच्या ट्रंकेत चार पडून आहेत.

घरी येऊन मोठ्या उत्साहाने मायला सांगितले. तिचा चेहरा उतरला.

"लोकं नाकं मुरडत व्हती तवा ती आपली व्हती. आता भिंतीला टांगून कुणाला दावायची?" ती म्हणाली. आणि थोडे थांबून, "तुला तरी कुठं चालत व्हती रं?"

मला उत्तर देता आले नाही. कारण ती खरे बोलत होती.

१९९१ साली मी पाचवीत होतो. मायबाप ऊसतोडीला जात. दसरा झाला की कोयते, भांडी, पत्र्याची पेटी आणि गोधड्यांचे गाठोडे घेऊन कारखान्याची वाट धरायची, ती उन्हाळा लागल्यावर परतायची. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांची हीच तऱ्हा. त्या साली मला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवले. निघताना मायने नवी शिवलेली गोधडी दिली. इतर मुलांजवळ सोलापुरी चादरी होत्या. पहिल्याच रात्री एक मुलगा म्हणाला, "याने चिंध्या आणल्या." सगळे हसले. मी गोधडी पेटीत तळाशी घातली आणि हिवाळाभर एका मित्राच्या चादरीच्या कडेला अंग चोरून झोपलो. मायला कधी सांगितले नाही.

"तुला कसे कळले?" मी आता विचारले.

"कडुनिंबाचा पाला ठिवला व्हता घडीत. परत आले तर पाला तसाच आन् घडी बी तशीच. म्हनलं, लेकराला थंडी वाजली नसंल."

तेहतीस-चौतीस वर्षे तिने हे मनात ठेवले होते!

त्या रात्री तीच गोधडी आम्ही ट्रंकेतून काढून पसरली. माय एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागली. मधला आजीच्या इरकली लुगड्याचा. कडेचा बापाच्या धोतराचा. हा लाल तुकडा वाड्यावरच्या लुगड्याचा. मी चाचरत विचारले, "मढ्यावरचे तर नाही ना?"

"न्हाई!" ती ताडकन म्हणाली. "छप्पन सालानंतर तुझ्या आजीनं मढ्यावरचं कापड उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. ह्ये मजुरीचं हाय. आठ दिवस खळं केलं, पैशाऐवजी लुगडं दिलं."

मग तिने गोधडी उलटी केली आणि उसवलेल्या कडेतून आतला थर दाखवला. पांढरे कापड होते. "माझ्या लग्नातलं लुगडं. वरून दिसत न्हाई."

मी चिंध्या म्हणून लपवली, तिच्या पोटात मायच्या मंगल परिणयाचे वस्त्र होते.

वाचकहो, कापडाचा आपल्या समाजाशी संबंध साधा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे सांगितले आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे जड दागिने सोडायला सांगितले. आपल्या आया-आज्यांनी ते ऐकले.

दुसरीकडे आपल्याच धम्मात भिक्खू पांसुकूल चीवर वापरत, म्हणजे उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या धुऊन, रंगवून शिवलेले. मग मनूची चिंधी आणि भिक्खूची चिंधी यात फरक काय? एक लादलेली, दुसरी स्वतः निवडलेली. लादलेल्या चिंधीत माणूस लहान होतो, निवडलेल्या चिंधीत होत नाही. विनयपिटकात सांगितले आहे की मगधातली बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदाला तसे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते बेतले. आपल्या गोधडीची चौकटही शेताच्या तुकड्यांसारखीच दिसते.

तिथेच उदयन राजाची गोष्ट आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा राजाने विचारले, एवढ्यांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जुनी झाली त्यांना वाटू. आणि जुन्या चीवरांचे? पलंगपोस. ते जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके आणि शेवटी तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवायला. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे दिली. मायने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. पण तिचा संसार तसाच चालला.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या स्त्रिया गुलामांच्या वंशातल्या. कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या त्या शिवत. एकीने १९४२ साली वारलेल्या नवऱ्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या आणि २००६ साली सरकारने त्यांच्यावर दहा टपाल तिकिटे काढली. त्या स्त्रियांची नावे आज जगाला ठाऊक आहेत. आपल्या गोधडीवर मात्र शिवणारीचे नाव नसते.

मायने अखेर होकार दिला, पण दोन अटी घातल्या. गोधडीला खिळा मारायचा नाही आणि थंडीत ती भिंतीवर ठेवायची नाही. "पांघरायला शिवली हाय, बघायला न्हाई," ती म्हणाली.

पहिल्या अटीसाठी पत्नीने वरच्या कडेला मागून सुती कापडाचा नेफा शिवला आणि त्यातून लाकडी काठी घातली. त्यामुळे भार सगळीकडे सारखा बसतो, कापड एका जागी फाटत नाही. ज्या भगिनींना जुनी लुगडी, गोधड्या, सतरंज्या जपायच्या असतील त्यांनी हेही ध्यानात ठेवावे : थेट ऊन लागू देऊ नये, रंग उडतो. यंत्रात धुऊ नये. गार पाण्यात रिठा घालून हलक्या हाताने धुवावे, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावे. ट्रंकेत ठेवताना दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड विरते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नयेत, पुरचुंडीत बांधाव्यात. कडुनिंबाचा पाला चांगला वाळलेला असावा.

गोधडीच्या मागे आम्ही पांढऱ्या कापडाची पट्टी टाचली आहे. तिच्यावर मुलीने दोऱ्याने मायचे नाव आणि १९९१ हे साल भरले आहे. खाली आजीचेही नाव आहे, कारण मधला तुकडा तिचा.

दुसरी अटही आम्ही पाळतो. दिवाळी झाली की ती खाली उतरते आणि भिंत मोकळी होते. पाहुणे विचारतात, इथले काय झाले? मी सांगतो, पांघरायला काढली आहे. गेल्या हिवाळ्यात पहिल्या रात्री ती मी पांघरली. माय दारातून बघून गेली, काही बोलली नाही.

आपापल्या घरातली ट्रंक एकदा उघडा. शिवणारी हयात आहे तोवर तिला विचारून घ्या, कोणता तुकडा कुणाचा.