जागा नसलेला इशारा

चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नलमन’ ही कथा १८६६च्या नाताळ अंकातली. भुताची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मला मात्र तिच्यातल्या भुताची भीती वाटत नाही. जीव तुटतो तो त्या सिग्नलमनसाठी.

दोन्ही बाजूंना ओल झिरपणारे उभे कडे, मधून रूळ, आणि बोगद्याच्या काळ्या तोंडाशी त्याची चौकी. सोबतीला लाल दिवा, तारयंत्र, एक घंटा. बोगद्यापाशी एक आकृती उभी राहते. एका हाताने डोळे झाकलेले, दुसरा जिवाच्या आकांताने ‘बाजूला हो’ म्हणत हलणारा. ती पहिल्यांदा दिसली आणि सहा तासांत मोठा अपघात झाला. पुन्हा दिसली, तेव्हा धावत्या गाडीत एक तरुण स्त्री मरण पावली. आता ती तिसऱ्यांदा येऊ लागली आहे.

या माणसाने करायचं काय? ‘धोका’ एवढीच तार पाठवली, तर पलीकडून विचारतील, कुठे? कसला? वेडा ठरवून कामावरून काढतील. पुढचं दिसणाऱ्याला आपण भाग्यवान समजतो. या बिचाऱ्याला दिसतं तेवढं छळायला पुरतं, कोणाला वाचवायला पुरत नाही.

असा एक अपघात डिकन्सने स्वतः पाहिला होता. ९ जून १८६५ रोजी केंटमधल्या स्टेपलहर्स्टजवळ तो त्या गाडीत होता. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले, आणि मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचलेली. लाल झेंडा घेऊन माणूस उभा होता, पण पुलाच्या फार जवळ. चालकाला झेंडा दिसला तेव्हा गाडी थांबण्याएवढं अंतरच उरलं नव्हतं. दहा जण गेले. डिकन्स आपल्या हॅटमधून पाणी आणून जखमींना देत फिरला. काहींनी त्याच्यासमोरच प्राण सोडले. त्यानंतर आगगाडीत तो कधी निर्धास्त बसू शकला नाही. बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, तो वारला. या तारखेत नियती शोधावीशी मला वाटत नाही. माझं मन अडकतं ते त्या झेंडेवाल्यापाशी. तिथे इशारा होता, त्याची जागा चुकली. कथेतल्या इशाऱ्याला तर जागाच नाही.

शेवटी सिग्नलमन इंजिनाखाली सापडतो. गाडी येत होती आणि तो पाठमोरा उभा होता. चालक सांगतो, मी ओरडलो; बघवेना म्हणून एका हाताने डोळे झाकले, दुसरा हात शेवटपर्यंत हलवत राहिलो.

ती आकृती नेमकी हेच करत होती. रात्रींमागून रात्री जागून सिग्नलमनने काळजी वाहिली ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची, त्यांत झोपलेल्या अनोळखी माणसांची. तो हात आपल्यालाच बाजूला व्हायला सांगत असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही.