कळांवरचे बाण

मी ज्या एडिटरच्या पद्धतीनें हा लेख लिहीत आहें, तींत पडद्यावरची लुकलुकणारी खूण डावीकडे न्यावयाची असली तर 'एच्' ही कळ दाबावी लागते; खालीं न्यावयाची तर 'जे', वर न्यावयाची तर 'के' आणि उजवीकडे न्यावयाची तर 'एल्'. बाणांच्या चार कळा डोळ्यांपुढें असतांना हा आडमार्ग कशाला, असें माझी पुतणी मला विचारते. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर द्यावयाचें म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षें मागें जावें लागतें.

त्या काळीं संगणकावर काम करणाऱ्या सामान्य माणसाच्या वांट्याला पडदा क्वचितच येई. त्याच्यापुढें असे तें टेलिटाइप. त्याचा १९६३ सालीं निघालेला ३३ क्रमांकाचा नमुना विशेष प्रसिद्धीस आला. दिसावयास टाइपरायटरसारखा, कागदाचें भेंडोळें लावलेला, आणि सेकंदाला दहा अक्षरें या वेगानें खडखड करीत छापणारा. ओळींत बहात्तर अक्षरें मावत. म्हणजे एक भरलेली ओळ उमटावयास सात सेकंदांहून अधिक वेळ लागे. शिवाय छापलेलें पुसण्याची सोय नाहीं. कागदाच्या पट्टीवर भोंकें पाडून मजकूर साठवीत, तेथेंही तीच अडचण. पाडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागीं सातही भोंकें पाडावयाचीं आणि यंत्रानें तें अक्षर वगळून पुढें जावयाचें, असा संकेत ठरला. संगणकाच्या अक्षरकोष्टकांत 'पुसा' या खुणेचा क्रमांक १२७, म्हणजे सातही भोंकें, आहे तो यामुळें. पट्ट्या केव्हांच गेल्या, क्रमांक राहिला.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सननें १९६९ सालीं 'एड्' नांवाचा एडिटर लिहिला तो या यंत्रासाठीं. त्याच्यांत मजकूर आपण होऊन कधीं दिसत नाहीं. अमुक ओळ दाखव म्हटलें तरच ती छापली जाते. सर्व आज्ञा एकेका अक्षराच्या, आणि आपली आज्ञा त्याला कळली नाहीं तर उत्तर म्हणून नुसतें एक प्रश्नचिन्ह! नवख्याला हा उर्मटपणा वाटतो; पण एका सेकंदांत दहाच अक्षरें छापणाऱ्या यंत्राजवळ सौजन्य तरी किती असणार? क्षमायाचनेचें एक लांब वाक्य छापावयाचें तर माणसाला तें संपेपर्यंत हात बांधून बसावें लागलें असतें.

मला येथें माझ्या आजीची आठवण होते. ती पोस्टकार्डावर पत्र लिहीत असे. कुशल, पाऊसपाणी, कोणाचें आजारपण, कोणाचें ठरलेलें लग्न, सारें त्या हातभर नव्हे, तळहातभर जागेंत. आणि उरलेलें समासांत आडवें. पुढें घरांत कागदाची चणचण राहिली नाहीं, तरी तिची लेखनशैली बदलली नाहीं. तिचीं तीं पत्रें मीं जपून ठेवलीं आहेत. माझीं स्वतःचीं चार-चार पानांचीं पत्रें कोणीं जपल्याचें ऐकिवांत नाहीं.

पडदे आले तेव्हां साहजिकच लोकांना मजकूर डोळ्यांपुढें असावा असें वाटूं लागलें. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजांतील जॉर्ज कूलूरिस यांनीं 'एड्'वरून 'एम्' केला. नांवाचा अर्थ 'मर्त्यांसाठीं एडिटर'. 'एड्' हा देवांनाच झेपणारा, ही त्यांतली खोंच. हा 'एम्' १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कलेस पोंचला आणि बिल जॉय नांवाच्या विद्यार्थ्याच्या हातीं पडला. त्यांतून पुढें 'व्ही-आय' निघाला. जॉयपुढें जें यंत्र होतें तें लिअर सीग्लर कंपनीचें एडीएम-३ए. त्याला बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच्, जे, के, एल् या चार अक्षरांच्या कळांवरच बाण रंगविलेले होते! 'एस्केप'ची कळही आजच्यासारखी दूर कोपऱ्यांत नसून 'क्यू'च्या शेजारीं, करंगळीच्या टप्प्यांत होती. पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे.

परंतु खरी गोष्ट कळांहून तारेची आहे. जॉयच्या घरीं टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला सुमारें तीस अक्षरें येत. पडद्यावर ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी, म्हणजे एकोणीसशें वीस जागा. सगळा पडदा नव्यानें भरावयाचा तर चौसष्ट सेकंद! म्हणून 'व्ही-आय' तारेचा वेग पाहून वागे. तार मंद असली तर तो पडद्याच्या आठच ओळी वापरी; आणि काढून टाकलेल्या ओळीच्या जागीं एक खूण ठेवून खालच्या ओळी होत्या तेथेंच राहूं देई. माणसाचा विचार पडद्याच्या पुढें धांवे. तेव्हां थोड्या कळांत पुष्कळ काम करून घेणें भाग होतें. 'शब्द खोड', 'वाक्याच्या शेवटापर्यंत बदल' अशा आज्ञा दोन अक्षरांत बसल्या त्या या गरजेनें. उलट त्याच सुमारास मॅसेच्युसेट्सच्या एम्. आय्. टी.मध्यें 'ईमॅक्स' तयार झाला. तेथें जलद तारा आणि जादा कळांचे कळफलक होते, म्हणून त्याच्या आज्ञा एक कळ दाबून धरून दुसरी दाबावी अशा झाल्या. या दोन पंथांचे अनुयायी आजही स्मार्त आणि भागवत एकादशीप्रमाणें वाद घालतात. मुळांत तो वाद दोन कळफलकांचा आहे.

रूढीचें कारण संपलें कीं रूढीही संपावी, असें मी पूर्वीं हिरिरीनें मांडीत असें. आजही पुष्कळ बाबतींत माझें मत तेंच आहे. पण तीन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूच्या झटक्यांत माझा उजवा हात गेला. सांगून लिहवून घेण्याचा प्रयोग मीं केला. वाक्यें निर्जीव उतरलीं, कारण मला वाक्य बोटांतून सुचतें. डाव्या हातानें कळा दाबाव्या, तर मध्येंच 'माऊस'कडे हात न्यावा लागे आणि परत कळफलकावर येऊन जागा शोधीपर्यंत सुचलेलें निघून जाई. दोन कळा एकदम दाबणें तर त्याहून अवघड. अशा वेळीं तरुणपणीं शिकलेला 'व्ही-आय' उपयोगी पडला. त्यांत बहुतेक सारें एकामागून एक, एकेका कळेनें होतें, आणि हात जागचा हलवावा लागत नाहीं. बर्कलेच्या त्या विद्यार्थ्यानें लुळ्या हातांचा विचार केला होता असें मी म्हणत नाहीं. त्याला आपली तार सांभाळावयाची होती. पण मी पुन्हां लिहूं लागलों तो त्याच्या त्या अडचणीच्या आधारावर.

एक तक्रार मात्र आहे. त्या जुन्या पडद्यांनीं प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा एकेक चौकोन दिला, आणि हा हिशेब अजून चालू आहे. इंग्रजी अक्षरें त्यांत मुकाट्यानें बसतात. आपल्या देवनागरीचें तसें नाहीं. वेलांटी अक्षराच्या आधीं उभी राहते, रफार डोक्यावर चढतो, 'क्ष' आणि 'र्‍य' यांचें माप कोणाच्या चौकोनांत बसेल? मूळच्या 'व्ही-आय'च्या वंशजांत मराठी मजकूर उघडला कीं काने-मात्रे इतस्ततः विखुरतात, आणि खूण एका जागीं दिसून भलत्याच अक्षरावर काम करते. म्हणून मीं मराठीसाठीं एक नवा एडिटर घेतला आहे, जो अक्षरें नीट जुळवितो आणि आज्ञा तेवढ्या 'व्ही-आय'च्या ऐकतो. त्यांतही एक खोड आहे: आज्ञा द्यावयाची झाली कीं कळफलक इंग्रजीवर आणावा लागतो. विसरलों तर मी 'खालीं' म्हणून कळ दाबतों, आणि एडिटराला आलेलें देवनागरी अक्षर त्याच्या कोणत्याच आज्ञेशीं जुळत नाहीं.