उत्तरेच्या वाटेवरची पावलं

कळंबोलीत थंडी म्हणजे पहाटेची दोन-तीन तासांची पाहुणी. डिसेंबर-जानेवारीत खाडीकडून गारवा येतो, तळोज्याच्या कारखान्यांचा धूर खाली बसतो. फजरला निघालेले बुजुर्ग कानटोपी घालतात आणि नऊ वाजेपर्यंत ती खिशात जाते. लोकरीचे पायमोजे आमच्या सेक्टरमध्ये कुणाच्या कपाटात सापडणार नाहीत. पायांचं दुखणं इथे पावसाळ्यातलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, घरोघरी हळद-तेल निघतं आणि श्रावण संपला की विसरलं जातं.

तरीही थंडीत पाय कसे जपावेत हा विषय याच गावातून लिहायचा आहे. कारण उत्तरेच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत जाणारी माणसं रोज इथूनच निघतात, आणि बहुतेक जण चपला घालून निघतात.

कळंबोली ही खाडीकाठची सखल जमीन. सिडकोने ती वसवली आणि मुंबईच्या दारूखाना, कर्नाक बंदर भागातला लोखंडाचा व्यापार इकडे आणला. तेव्हापासून लोखंड बाजार हीच या गावाची ओळख झाली. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. ९४.५ किलोमीटरच्या त्या रस्त्याचं एक टोक पुण्याजवळ किवळ्याला, दुसरं आमच्या दाराशी. २०१६ पासून आम्ही पनवेल महानगरपालिकेत आहोत. पण बाहेरच्या माणसाला कळंबोली माहीत असते ती दोन कारणांनी: पुण्याची बस जिथे मिळते तो मॅकडोनाल्डचा थांबा, आणि ट्रक.

लोखंड बाजाराच्या रस्त्यांवर दुपारी चालून बघा. पत्र्याची गुंडाळी, सळ्या, अँगल, गर्डर. दोन्ही कडेला ट्रक आणि ट्रेलर उभे. कुणी सावलीत स्टोव्हवर डाळ शिजवतोय, कुणी टायर ठोकून बघतोय, कुणी टँकरच्या नळावर जुहरची वजू करतोय. उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा, पंजाब, आणि अधूनमधून जम्मू-काश्मीरच्याही पाट्या दिसतात. आपल्या कोकणातली, मराठवाड्यातली मुलंही आता लांब पल्ल्याच्या गाड्यांवर चालक किंवा क्लीनर म्हणून आहेत. सगळ्यांच्या पायांत रबरी नाहीतर चामडी चपला. त्यालाही कारण आहे. केबिन तापलेली असते, बुटात पाय घामेजतो. दोर आवळायला, ताडपत्री बघायला दहा वेळा खाली उतरायचं असतं. आणि पाच वेळा वजू करणाऱ्याला चप्पलच सोयीची.

ही चप्पल वापीपर्यंत ठीक, सुरतपर्यंतही ठीक. राष्ट्रीय महामार्ग ४८ इथून निघून अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला जातो, साधारण चौदाशे किलोमीटर. माल भरलेल्या गाडीला तीन-चार दिवस लागतात. म्हणजे आंबटगोड हवेच्या कळंबोलीत जेवून निघालेला माणूस तिसऱ्या रात्री राजस्थानात अशा थंडीत पोचतो की स्टिअरिंगला हात लावताना दचकतो. दिल्ली-हरियाणात दाट धुकं, गाडी रात्रभर कडेला उभी. शरीराला हळूहळू सवय होण्याइतका वेळ मिळतच नाही.

काही जण त्याच्याही पुढे जातात. वाशीच्या बाजारात येणारं काश्मिरी सफरचंद ज्या रस्त्याने येतं, तो राष्ट्रीय महामार्ग ४४. २०१७ साली चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा झाला, २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा. रस्ता सोपा झाला, पण रामबनच्या आसपास दरड कोसळली की आजही गाड्यांची रांग लागते आणि चालकांना रस्त्यावरच रात्र काढावी लागते. २१ डिसेंबरपासूनचे तिथले ‘चिल्लई कलां’चे चाळीस दिवस सर्वांत कडक. काश्मिरी माणसाने त्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपाय शोधले: अंगात फेरन, फेरनखाली कांगडी, आणि पूर्वी पायांत भाताच्या पेंढ्याच्या दोरीचा ‘पुलहोर’. पेंढा बर्फावर घसरत नाही आणि तळव्याला जमिनीपासून दूर ठेवतो. गरिबाचं पादत्राण, पण शहाणपणाचं. आपला चालक तिथे रबरी चपलेत उभा असतो.

आता वजूचं. पहाटे चार अंश तापमानात ढाब्याच्या नळाखाली पाय धुवायचे, ओल्याच पायांनी चप्पल सरकवायची, नमाज पढायची आणि पुन्हा गाडीवर. दिवसातून पाच वेळा. काही दिवसांत टाचा फुटतात, बोटांवर लाल, खाजरी सूज येते. मग दोन वाटा उरतात. कुणी नमाज पुढे ढकलतो, कुणी टाचेला पाणी न लावता घाईत वजू उरकतो. दुसऱ्या गोष्टीबद्दल हदीसमध्ये कडक इशारा आहे, आणि तोही सफरीतलाच प्रसंग: असरची वेळ निघून चालली म्हणून सहाबा घाईने पाय पुसल्यासारखे करत होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मोठ्या आवाजात कोरड्या राहिलेल्या टाचांबद्दल बजावलं.

पण ज्या दीनने टाच धुण्याची ताकीद दिली, त्यानेच मुसाफिराला सवलतही दिली, आणि ही सवलत आपल्या घरांतून जवळजवळ विसरली गेली आहे. तबूकच्या मोहिमेत हजरत मुगीरा बिन शोअबा (रजि.) प्रेषितांच्या (स.) पायांतले चामडी मोजे काढायला वाकले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवलं. पाय पाक असताना ते घातले होते, म्हणून त्यांनी मोज्यांवरून ओला हात फिरवला. हाच मसह. हबशाच्या नजाशी बादशहाने काळ्या चामडी मोज्यांचा जोड त्यांना भेट पाठवला होता, तो वापरून त्यांनी मसह केल्याचीही रिवायत आहे. हजरत अली (रजि.) यांच्या रिवायतीनुसार मुदत अशी: घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्री. तीन दिवस म्हणजे कळंबोली ते दिल्लीचा जवळजवळ सगळा रस्ता!

रायगड जिल्ह्यातले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि लोखंड बाजारात भेटणारे उत्तरेकडचे भाई बहुतेक हनफी. मूळ गोष्ट दोघांकडे एकच. आधी पाय धुऊन पूर्ण वजू करायची, मग मोजे घालायचे. मोजा घोटा झाकणारा, मजबूत, त्यावर चालता येईल असा हवा. मुदत घातल्यापासून नव्हे, तर घातल्यानंतर पहिल्यांदा वजू तुटल्यापासून मोजायची. गुस्ल वाजिब झालं की मोजे काढावेच लागतात. फरक तपशिलात आहे. हनफी मतात पायाच्या वरच्या भागावर हाताच्या तीन बोटांएवढी जागा ओली व्हायला हवी; शाफई मतात वरच्या भागावर थोडा हात फिरला तरी फर्ज होतं. हनफींकडे पायाच्या तीन लहान बोटांपेक्षा कमी फाटलेला मोजा चालतो. शाफईंकडे पाय दिसेल इतकं भोकही चालत नाही. बाजारातल्या पातळ सुती किंवा नायलॉनच्या मोज्यांवर मसह या दोन्ही मतांत होत नाही. म्हणून चामडी जोडच घ्यावा. मुंबईत मोहम्मद अली रोडला टोपी-अत्तराच्या दुकानांत मिळतो. आत लोकरीचा मोजा, वर चामडी, त्यावर बूट. वजूच्या वेळी फक्त बूट काढायचा. बारीक मसले आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

चामडी मोजा नसेल तर पाय धुवायचे आणि कोरडे करायचे. पुसणं ही नाजूकपणाची गोष्ट नाही. ओल्या कातडीतून आणि ओल्या कापडातून शरीराची ऊब फार वेगाने निघून जाते. पाय बिघडायला बर्फ लागतो असंही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय पाणी न गोठताच सडले. त्या खंदकांत आपल्या देशाचे मुसलमान शिपाईही होते. पुढे फौजेने जो उपाय सक्तीचा केला तो साधा होता: पाय रोज तपासा, पुसा, तेल चोळा, मोजे बदला.

सुती मोजा घाम आणि पाणी पितो आणि ओलाच राहतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही. पण बुटात जागा नसताना दोन-दोन मोजे कोंबू नयेत. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि तो उलट गार पडतो. खालून येणारी थंडी अडवायला बुटात नमद्याचा तळ किंवा जाड पुठ्ठा घालावा. ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तर सकाळपर्यंत ते बरीचशी ओल ओढतात. आणि एक मोज्यांचा जोड फक्त झोपेसाठी, बिछान्यातच ठेवलेला. तो घालून खाली उतरायचं नाही.

आता जे लिहायचं आहे ते पुन्हा वाचा आणि घरच्या चालकाला फोनवर वाचून दाखवा. पाय गार पडले की झोप येत नाही. मग केबिनच्या काचा बंद करून आत कोळशाची शेगडी पेटवली जाते. उत्तरेत तिला अंगीठी म्हणतात. दर हिवाळ्यात तिकडून अशा बातम्या येतात: सकाळी दार ठोठावलं, आतून उत्तर नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. ‘काच बोटभर उघडी ठेवली होती’ ही खात्री नव्हे. गॅसची शेगडी आत पेटवून ऊब घेणंही तसंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जुन्या आहेत आणि त्यांच्या दारांच्या फटींतून वारा येतो. त्या फटी कापडाने बुजवा, जाड रजई घ्या, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवा. विस्तव केबिनबाहेरच.

मधुमेह असलेल्यांना तर बाहेरचा विस्तवही धोक्याचा. तासन्‌तास बसणं, अवेळी जेवण, गोड चहा. हा आजार चालकांत नवलाचा नाही. त्यात पायांची संवेदना कमी होते. शेकोटीजवळ पाय धरले तर चटका बसलेला कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि जखम भरत नाही म्हणून पुढे बोट गमावण्याची पाळी येते. अशा माणसाने पाणी किती गरम आहे हे पायाने नव्हे, कोपराने बघावं. रात्री तळव्यांवरून हात फिरवावा, दिसत नसेल तर गाडीचा आरसा आहेच. तेल किंवा व्हॅसलीन टाचेला लावावं, बोटांच्या मधे नाही.

आमच्या भागातल्या घरांत सफरीची पिशवी बहुतेक अम्मी किंवा बायको भरते. चटणी, लोणचं, सुका बोंबील, जानमाज, औषधाच्या गोळ्या. त्यात तीन लोकरी जोड, एक चामडी जोड, दोन जुने सुती पंचे आणि पुठ्ठ्याचे चार तळ सहज मावतात. बूट सीटमागे ठेवायला सांगायचे. अहमदाबादपर्यंत चप्पल, पुढे बूट.

फेब्रुवारीत गाड्या परत येतात तेव्हा हे मोजे कळंबोलीच्या दमट हवेत तसेच गुंडाळून ठेवू नयेत. लोकरीचे कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, सावलीत पसरून पूर्ण वाळवावेत आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात ठेवावेत. चामड्याच्या जोडाला थोडं तेल लावून तो कागदात गुंडाळावा, प्लास्टिकमध्ये नको. नाहीतर आमच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.